सहाव्या पेटीचं दुपारचं रीडिंग

विशाखाताई, तुला कुणी घडवलं असं कुणी विचारलं की माझ्या तोंडी आईवडिलांच्याही आधी तुमचं नाव येतं, आणि मग मी मनातल्या मनात त्या दोघांची माफी मागतो. त्यांनी मला केमच्या स्टेशनावर सोलापूरच्या गाडीत बसवलं. त्यापुढचं जे काही झालं ते तुमच्या प्रयोगशाळेतल्या लाकडी स्टुलावर झालं.

परवा तुमच्या आठवणीत पुण्यानुमोदन झालं. कॉलेजातली बरीच माणसं आली होती. कुणी तुमच्या शिस्तीबद्दल बोललं, कुणी तुमच्या किल्ल्यांच्या जुडग्याबद्दल. मलाही बोलायला सांगितलं. मी उभा राहिलो, हात जोडले आणि खाली बसलो. माझ्याजवळ सांगण्यासारखं जे होतं ते एक खोटं होतं, बारा वर्षांपूर्वीचं, तुमच्याशी बोललेलं. मे महिन्यात मी ते तुम्हाला पत्रानं कळवलं होतं. तुमचा फोन आला नाही. आणि मग तुमच्या लेकीचा, प्रज्ञाचा आला, तुम्ही गेल्याचा.

त्या पत्राचं काय झालं हे मला परवा सकाळीच कळलं. ते सांगतोच. पण तुम्हीच म्हणायचा ना, यंत्र चालू केल्या केल्या आकडा लिहायचा नाही, अर्धा तास तापू द्यायचं, मग त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा. मलाही थोडा वेळ द्या.

तुम्हाला आठवत असेल, पहिल्या प्रॅक्टिकलला मी तुम्हाला ‘मॅडम’ म्हणालो. तुम्ही म्हणालात, मॅडम त्या तिकडं केबिनमधे, मी लॅब असिस्टंट, ताई म्हण. मी वही पुढे केली. गावाकडून आलेला मुलगा, सगळी पुस्तकं इंग्रजीत, भीतीनं मी सीनियरच्या वहीतले आकडे उतरवून आलेख काढून आणला होता. आम्ही सगळेच तसं करायचो. त्याला ‘रीडिंग बसवणं’ म्हणायचे. उत्तर ठाऊक असायचं, मग आकडे मागून बसवायचे. तुम्ही माझी रेघ खिडकीपाशी नेऊन पाहिलीत.

“एवढा सरळ तर आपला विजापूर रोड पण न्हाय,” तुम्ही म्हणालात. “कुणाच्या वहीतनं आणलीस?”

तुम्ही रागावला नाहीत. नवं पान उघडून दोन रकाने आखलेत. एकावर लिहिलंत ‘जसं सापडलं’, दुसऱ्यावर ‘जसं सोडलं’. यंत्राला हात लावण्याआधी ते काय दाखवतंय ते पहिल्या रकान्यात लिहायचं, कितीही चुकीचं असलं तरी. मग दुरुस्ती करायची. मग दुसरा रकाना. पहिला रकाना न लिहिता थेट स्क्रू फिरवणाऱ्याला तुम्ही काय म्हणायचा ते इथं लिहीत नाही. त्या दिवशी माझे ठिपके रेघेच्या दोन्ही बाजूंना शेळ्यांसारखे पांगले होते. तुम्ही म्हणालात, आता बरं, आता ह्या मीटरची आणि तुझी ओळख झाली.

तुम्ही आयटीआय झालेल्या. तुमच्या बॅचला तुम्ही एकट्याच मुलगी होता. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडली आणि तुम्ही अठराव्या वर्षी नोकरीला लागलात. हे मला तुम्ही कधी सलग सांगितलं नाही. यंत्र तापण्याच्या अर्ध्या तासांमधून तुकड्या-तुकड्यानं मिळालं. तेवढ्यात चहा व्हायचा, डब्यातली शेंगाचटणी फिरायची, आणि पुस्तकातला एखादा धडा आम्हाला वर्गात कळला नसेल तर तो तिथं कळायचा.

कन्व्हर्टर मला तसाच कळला. उष्णता, वजन, आवाज हे सगळं सलग असतं, आणि यंत्राला मात्र सुटे आकडे लागतात. त्या दोघांच्या मधे जो दुभाष्या बसतो तो कन्व्हर्टर. मी तुमच्या तोंडाकडे पाहत राहिलो तेव्हा तुम्ही मला बाहेर नेलंत. कॉलेजच्या दाराशी एका अंगाला जिना आणि दुसऱ्या अंगाला हातगाडीसाठी केलेला उतार होता.

“चढ तोच हाय,” तुम्ही म्हणालात. “पण उतारावर कुटंबी उभं राहता येतं. जिन्यावर अडीचाव्या पायरीवर उभा राहून दाखव बरं.”

मग तुम्ही त्या जिन्यावर चुका दाखवल्यात. पहिली पायरीच जमिनीपासून जास्त वर असेल तर सगळेच आकडे तेवढ्यानं पुढे. प्रत्येक पायरी थोडी थोडी उंच असेल तर वर जाऊ तशी चूक वाढत जाते. आणि मधलीच एखादी पायरी बुटकी असेल तर ती सगळ्यांत वाईट, कारण माणूस तिथंच ठेचकाळतो आणि दोष त्याच्या डोळ्यांना मिळतो. पायऱ्या पाडून पुन्हा बांधता येत नाहीत. पण प्रत्येक पायरी मोजून तिची चूक लिहून ठेवली, तर चढणाऱ्याला बरोबर उंची सांगता येते. कॅलिब्रेशन म्हणजे एवढंच. आज मी ह्याच कामाचा पगार घेतो, आणि नव्या माणसांना अजून तो जिनाच सांगतो.

आता त्या पेट्या.

शेवटच्या वर्षी आमचा प्रकल्प एका डाइंगसाठी होता. टॉवेलच्या सुताला रंग देण्याचा तो कारखाना. आठ हौद, साठ अंशाचं पाणी, आणि मालकांची तक्रार की एकाच लाल रंगाच्या दोन खेपा जुळत नाहीत. प्रत्येक हौदाशी एक छोटी पेटी बसवायची. पेटीची काडी पाण्यात, पेटीत कन्व्हर्टर, आणि तापमानाचा आकडा तारेतून ऑफिसात. कन्व्हर्टर ज्या व्होल्टेजच्या मापानं मोजतो ते माप देणारी एक चिप असते. उन्हाळ्यात ते मापच थोडं बदलतं, आणि प्रत्येक चिपचा स्वभाव निराळा. म्हणून तुमची अट होती. प्रत्येक पेटी दोनदा तपासायची. सकाळी गार प्रयोगशाळेत, आणि दुपारी दोन वाजता वर्कशॉपच्या पत्र्याखाली, काडी साठ अंशाच्या पाण्यात धरून. शेजारी तुमचा काचेचा थर्मामीटर. त्याच्या डबीत तुमच्या अक्षरातली चिठ्ठी असायची, साठावर दोन दशांश जास्त दाखवतो, वजा करणे. मी एकदा म्हणालो, ताई, चुकीचाच थर्मामीटर कशाला वापरायचा? तुम्ही म्हणालात, चुकीचा न्हाय रे, त्याची चूक मला ठाऊक हाय. ज्याची ठाऊक नसते तो चुकीचा.

मार्चमधला तो दिवस. पाच पेट्या झाल्या. सहावीचा जोड ढिला निघाला, म्हणून मी ती डाग द्यायला बाजूला ठेवली आणि सातवी, आठवी उरकली. सहावी दुरुस्त होईपर्यंत पत्र्यावरचं ऊन कललं होतं. दुसऱ्या दिवशी घरी बहिणीला बघायला पाहुणे येणार होते आणि मला संध्याकाळची पॅसेंजर गाठायची होती. पाचवी दाखवत होती एकोणसाठ पॉइंट आठ. सातवी साठ. मी सहावीसमोर मधला आकडा लिहिला, एकोणसाठ पॉइंट नऊ. रीडिंग बसवलं. तुम्ही पान वरपासून खालपर्यंत पाहिलंत आणि तपासलं म्हणून सही केलीत. माझ्या शब्दावर.

पेट्या बसल्या. सहावी नेमकी बॉयलरच्या भिंतीकडच्या हौदाला गेली. मे महिन्यात त्या हौदाची लाली काळपट यायला लागली. त्या हौदावर नरसय्यामामा होते, तीस वर्षं रंगात हात घातलेले. ते सांगत होते की पाणी जास्त तापतंय, वाफ बघून मला कळतं. ऑफिसातला कागद सांगत होता, साठ म्हणजे साठ. मालकांनी कागदावर विश्वास ठेवला. मामांना हौदावरून काढून गठ्ठे उचलायला लावलं, ते त्या वयात.

तुम्हाला हे कळलं तेव्हा तुम्ही मला केमहून बोलावून घेतलंत. डाइंगच्या फाटकाशी थर्मामीटरची डबी काखेत धरून तुम्ही उभ्या होता. आत जाण्याआधी तुम्ही मला एकच प्रश्न विचारलात.

“सहावीचं दुपारचं रीडिंग तू स्वतः घेतलं होतंस ना?”

“हो, ताई.”

एवढंच. दोन शब्द. ते बोलायला मला काहीच कष्ट पडले नाहीत, ह्याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

पेटी साठ दाखवत होती आणि तुमचा थर्मामीटर बासष्टच्या पुढे होता. तुम्ही मालकांसमोर ती काडी आणि तो थर्मामीटर एकत्र पाण्यात धरलात आणि त्यांनाच वाचायला लावलंत. मग म्हणालात, यंत्राची चूक हाय, माणसाची न्हाय. बसवलं तेव्हा बरोबर होतं, मागनं सरकलं. नरसय्यामामा दुसऱ्या दिवशी आपल्या हौदावर परत आले. ते माझ्याकडे पाहून हसले, आणि मी बुटाची नाडी बांधायला वाकलो.

तुम्ही ती पेटी कॉलेजात आणलीत, तशाच उन्हात, त्याच पत्र्याखाली पुन्हा तपासलीत. सत्तावन्न पॉइंट चार. वहीत मार्चच्या ओळीत एकोणसाठ पॉइंट नऊ, मेच्या ओळीत सत्तावन्न पॉइंट चार. तुम्ही त्या पेटीच्या चुकांचा तक्ता करून दिलात, तो ऑफिसच्या भिंतीवर चिकटवला गेला आणि सहावा हौद सुरळीत झाला. कुणाचं कायमचं नुकसान झालं नाही, असं मी स्वतःला समजावलं.

पण झालं होतं, ताई. तुमचं झालं होतं. तुम्ही वहीतले दोन्ही आकडे खरे मानलेत, आणि तुमच्या मनात एक गोष्ट पक्की बसली की ह्या जातीची चिप दोन महिन्यांत अडीच अंश सरकते. तुम्ही ती पेटी कितीदा उघडलीत, कारण सापडेना. मग तुम्ही ती चिप कॉलेजच्या खरेदीतून काढून टाकलीत. पुढच्या प्रत्येक बॅचला सांगितलंत, हिला हात लावू नका, ही फसवी हाय. चाळीस-चाळीस मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं. ज्या बाईनं आयुष्यभर न पाहिलेली गोष्ट सांगितली नाही तिच्या तोंडी मी एक खोटी गोष्ट घातली होती.

आणि त्याच जूनमध्ये पुण्याच्या एका कंपनीचे इंजिनियर कॉलेजात आले. मुलाखतीत माझं इंग्रजी अडखळलं. ते उठून जाता जाता प्रयोगशाळेत डोकावले, तेव्हा तुम्ही त्यांना थांबवून म्हणालात, “त्या केमच्या पोराला घ्या. तो न घेतलेलं रीडिंग लिहीत न्हाय.”

मी दारातच उभा होतो. त्या वाक्यावर माझी नोकरी उभी आहे. बहिणीचं लग्न, केमचं पक्कं घर, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन, सगळं त्याच वाक्यावर. बारा वर्षं मी तुमचं ते वाक्य खरं करण्याचा प्रयत्न करत आलोय. त्यानंतर एकही आकडा बसवला नाही. पण एक बुटकी पायरी खाली राहिलीच.

दरवर्षी दिवाळीला मी तुमच्या घरी यायचो तेव्हा आपला एक वाद ठरलेला असायचा. मी हल्ली ज्यावर काम करतो ते कन्व्हर्टर स्वतःची चूक स्वतःच मोजतात. काम न थांबवता. एक जलद पण थोडा चुकणारा असतो, त्याच्या शेजारी एक सावकाश पण नेमका बसवतात. सावकाश मधूनमधून तीच गोष्ट मोजतो, दोघांचा फरक बघतो, आणि त्यावरून जलद स्वतःला सुधारत जातो. मी हे मोठ्या उत्साहानं सांगायचो आणि तुम्ही चष्मा पुसत ऐकायचा.

गेल्या दिवाळीला तुम्ही फार वाळला होता. तरी म्हणालात, “आणि त्या सावकाशला कोण तपासतं?”

मी म्हणालो, त्याचं माप एका चांगल्या चिपवरून घेतो, ती वर्षानुवर्षं हलत नाही.

“न हलणारी चिप?” तुम्ही हसलात. “मला नको सांगू. दोन महिन्यांत अडीच अंश सरकलेली मी ह्या डोळ्यांनी बघितली हाय. तुझ्याच पेटीतली.”

प्रज्ञा आतून म्हणाली, आई, झालं का तुमचं सुरू. मी लाडू तोंडात घातला. तुम्हाला वाटलं तुम्ही जिंकलात. तुम्ही माझ्याच खोट्याच्या जोरावर जिंकला होता, आणि ते सांगितल्याशिवाय मला एक शब्दही पुढे बोलता येत नव्हता.

मला सांगायला लावलं ते एका मुलीनं. अक्कलकोटकडची दीपाली आमच्याकडे नवीन इंजिनियर आहे. एप्रिलमध्ये एक अहवाल सहीला आला, त्यात एक रकाना मोकळा. समोर तिनं लिहिलं होतं, ‘एसी बंद पडला, रीडिंग घेतलेलं नाही.’ वरिष्ठ तिच्यावर चिडले, ग्राहकाला मोकळा रकाना कसा दाखवायचा म्हणून. ती म्हणाली, सर, परत घेते की, पण आत्ता नाही ते नाही. एवढं सोपं होतं ते. मी त्या कागदावर सही केली आणि पुढच्या शनिवारी सोलापूरची गाडी पकडली. तुमच्याकडे नाही आलो. आधी डाइंगला गेलो. तिथं काय झालं ते पत्रात आहे. पत्रच लिहिलं, फोन केला नाही, कारण तोंडी आकडा हा आकडाच नव्हे असं तुमचंच म्हणणं.

मग तीन आठवडे काहीच नाही. मी समजून चाललो होतो की तुम्ही रागावलात. तो तुमचा हक्क होता.

परवा सकाळी, लोक यायच्या आधी, प्रज्ञानं पत्र्याची ट्रंक उघडली. कॉलेजनं जुन्या वह्या रद्दीत काढल्या तेव्हा तुम्ही त्या घरी आणल्या होत्या, हे मला माहीत नव्हतं. तिनं सांगितलं, पत्र आलं त्या दिवशी तुम्ही ते दोनदा वाचलंत आणि घडी घालून उशीखाली ठेवलंत. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र एकट्याच हसत होता. तिनं विचारलं तर म्हणालात, “त्या बिचाऱ्या चिपला मी बारा वर्षं शिव्या घातल्या की गं.”

मग वही मागितलीत. पट्टी मागितलीत. उशीला टेकून बसलात. प्रज्ञा म्हणाली, मी लिहिते, तू सांग. तुम्ही म्हणालात, सही माझी हाय, मीच खोडणार. तिला बजावलंत, तो आला की वही दाखव, आधी नको. वहीचं उत्तर फोनवर द्यायचं नसतं.

मी ते पान पाहिलं. मार्चची ओळ. एकोणसाठ पॉइंट नऊवर एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता येईल अशी. कधी गिरवायचं नाही, कधी खरवडायचं नाही, हा तुमचा नियम. शेजारी थरथरतं अक्षर, ‘घेतलेलं नाही’, खाली तारीख आणि सही. त्या ओळीत तुम्ही दुसरा आकडा लिहिला नाहीत. ती जागा तशीच मोकळी सोडलीत. पानाच्या तळाशी मात्र नवी ओळ आखली होती. यंदाच्या मे महिन्याची तारीख, माझं नाव, सहावी पेटी. ‘जसं सापडलं’ खाली मी कळवलेला आकडा. आणि ‘जसं सोडलं’ खाली, कारण न घेतलेला आकडा तुम्ही मरणाच्या दारातही लिहिला नसता, फक्त चार शब्द.

‘चूक माहीत. वापरण्यास योग्य.’

मी ते पान पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचलं. प्रज्ञानं चहा आणला आणि म्हणाली, दादा, थर्मामीटर पण तुमच्यासाठी ठेवलाय, चिठ्ठीसकट.

ताई, आता आपला वाद पुन्हा पहिल्यापासून मांडायला हवा होता. ह्या वेळी मला खरंच बोलता आलं असतं, आणि तुम्ही सहज हरला नसता हे मला ठाऊक आहे. तुमचा थर्मामीटर आजपासून माझ्या टेबलावर आहे. दीपालीनं आत्ताच विचारलंय की इतकं जुनं यंत्र कशाला, आणि मी तिला चिठ्ठी वाचायला दिली आहे. तुमच्या जुन्या बॅचच्या मुलांच्या ग्रुपवर मी काल लिहिलं की त्या चिपबद्दल ताईंनी सांगितलं होतं ते दुरुस्त करून घ्या, चूक माझी होती. त्यावर सहा जणांनी आपापल्या बसवलेल्या रीडिंगांची कबुली दिली आहे. एकानं तर हौसेनं तारीखवार.

पत्राची प्रत माझ्याजवळ होती. जसं पाठवलं तसं खाली देतो.

*

ती. विशाखाताई यांस,
साष्टांग नमस्कार.

तब्येत कशी आहे हे विचारायला हे पत्र नाही, ते प्रज्ञाकडून कळतं. हे पत्र एका आकड्यासाठी आहे.

आपल्या वहीत सहाव्या पेटीचं मार्चमधलं दुपारचं रीडिंग एकोणसाठ पॉइंट नऊ असं लिहिलेलं आहे. ते मी घेतलं नव्हतं. गाडीची वेळ झाली म्हणून पाचवी आणि सातवीच्या मधला आकडा लिहिला. डाइंगच्या फाटकाशी तुम्ही विचारलंत तेव्हा मी हो म्हणालो. तेही खोटं होतं. खरं काय आलं असतं ते आता कुणालाच सांगता येणार नाही.

काल डाइंगला गेलो होतो. तिथं आता नवीन यंत्रं आहेत, पण जुन्या पेट्या मालकांनी माळ्यावर टाकल्या होत्या. सहावी सापडली. आत मुंग्यांनी घर केलं होतं, ते झाडलं. अर्धा तास तापू दिली. मग तिथल्याच पत्र्याखाली, दुपारी दोन वाजता, काडी साठ अंशाच्या पाण्यात धरून रीडिंग घेतलं. पाण्याचा थर्मामीटर कंपनीतून तपासून नेला होता. तीनदा घेतलं, तिन्ही वेळा एकच आलं.

नंतर नरसय्यामामांच्या घरी गेलो. ते आता निवृत्त आहेत. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, सुनेला चहा टाकायला सांगितलं, आणि म्हणाले, “आकडा तुझा खोटा होता बाळा. वाफ तर माझी खरीच होती. मला काय कमी?” मग म्हणाले, बाईंना सांगितलंस का? मी नाही म्हणालो. ते म्हणाले, मग हितं काय बसलायस, जा.

तुमच्याकडे यायचं धैर्य झालं नाही, म्हणून लिहितोय.

दिवाळीत तुम्ही विचारलंत, सावकाशला कोण तपासतं. मला उत्तर येत होतं, पण खोटं मधे आलं. उत्तर असं की त्यालाही कुणीतरी त्याच्याहून सावकाश तपासतं, आणि ही ओळ कुठेतरी एका माणसापाशी संपते, जो पान वरपासून खालपर्यंत वाचून सही करतो. त्या माणसाला खोटं सांगितलं की खालचं सगळंच बिघडतं. हे मला कंपनीत नाही कळलं.

त्या चिपला दोष देऊ नका. त्या वर्षी मेमध्ये तुम्ही घेतलंत तेव्हा सत्तावन्न पॉइंट चार होतं. बारा वर्षांत ती एक दशांश हलली आहे. ती सरकली नव्हती. तिची चूक पहिल्या दिवसापासून तीच होती, फक्त ती मोजायच्या वेळी मी गाडी पकडायला गेलो होतो.

वहीत जागा असेल तर एवढं लिहून घ्यावं.

पेटी सहावी. वेळ दुपारी दोन. पत्र्याखाली बेचाळीस अंश. पाणी साठ.
जसं सापडलं: सत्तावन्न पॉइंट तीन.
जसं सोडलं: हा रकाना मी मोकळा ठेवला आहे. तो तुम्ही भरायचा.

आपला,
केमचा पोरगा